राइट फिल्डला उभं केलं म्हणजे बाजूला काढलं असं नाही

कागलकडच्या एका वडिलांनी विचारलंय: मुलगी १२ वर्षांची, सातवीत आहे. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात निवड झाली, पण सरांनी तिला राइट फिल्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूला लांब, उभं केलंय. तिला पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी, व्हायचंय. घरी मोबाइलवर बघून अंगणात हात फिरवत असते. 'कच्च्या पोरांनाच तिकडं लांब उभं करतात, असं सगळे म्हणतात. सरांशी बोलू का? वेगळं कोचिंग लावू का? तिनं नक्की कोणती जागा धरावी?'

दादा, आधी सरळ उत्तर देते. सरांकडे जागा मागायला जाऊ नका. पिचिंग शिकायची तिची इच्छा मारू नका. आणि १४ वर्षांची होईपर्यंत तिची जागा पक्की करायची घाई कुणीच करू नये. तुम्ही नाही, सरांनी नाही, तिनंही नाही. कोल्हापुरात २२ वर्षं पोरींना हा खेळ शिकवतेय, त्यात जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते.

राइट फिल्डबद्दलचा समज कुठून आला ते मला माहीत आहे. बहुतेक मुली उजव्या हातानं खेळतात आणि त्यांनी ओढून मारलेला चेंडू थर्ड बेस (बेस म्हणजे धावताना गाठायची ठिकाणं), शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधली जागा), लेफ्ट फिल्ड या डाव्या बाजूला जातो. म्हणून उजवीकडं काम कमी, म्हणून नवं पोर तिकडं. शाळेच्या पहिल्या फेरीत हे खरंही असतं. पण समोर जरा वेगवान पिचर आली की बॅट उशिरा येते आणि तेच चेंडू राइट फिल्डकडं निघतात. जसजशी वरच्या पातळीवर जाल तसतशी ती जागा गजबजत जाते. शिवाय सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. बेसबॉलमध्ये ते ९० फूट असतं. अंतर इतकं कमी असल्यामुळं राइट फिल्डर पुढं येऊन चेंडू उचलून थेट फर्स्ट बेसला फेकते आणि बॅटरला बाद करते, असं चांगल्या सामन्यात दिसतं. वाटतं हिट, आणि पोरगी आउट.

त्याहून मोठं काम न दिसणारं आहे. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलला की राइट फिल्डरनं फर्स्ट बेसच्या मागं, फाउल लाइनच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेच्या, बाहेर पळायला हवं. थ्रो सुटला तर तिथं ती असली पाहिजे. बहुतेक वेळा थ्रो नीट पकडला जातो आणि पळालेली पोरगी रिकाम्या हातानं परत जागेवर जाते. पुन्हा चेंडू, पुन्हा पळायचं.

एका निवड चाचणीत मी कडेला वही घेऊन बसले होते. ४० एक पोरी होत्या. सगळ्यांच्या नजरा पिचर आणि मोठे फटके मारणाऱ्या दोघी-तिघींवर. राइट फिल्डला गडहिंग्लज भागातली एक बारीक पोरगी होती, पायात शाळेचेच पांढरे बूट. सहज म्हणून मी तिच्या नावापुढं रेघा ओढायला लागले. ती ११ वेळा फर्स्ट बेसच्या मागं पळाली आणि ११ वेळा काही न मिळता परत आली. कुणी ओरडून सांगत नव्हतं. बाराव्या वेळी थ्रो डोक्यावरून गेला. बॅटर बिनधास्त दुसऱ्या बेसकडं वळली, आणि चेंडू तिच्या आधी तिथं पोचला होता. ती पोरगी पुढं तीन वर्षं माझी शॉर्टस्टॉप होती. तिचा थ्रो त्या दिवशी सर्वांत जोरदार नव्हता, फटकाही साधारणच. पण चेंडू आपल्याकडं नसताना आपण काय करायचं, हे तिला कुणी न सांगता कळत होतं. तेव्हापासून कुठल्याही मुलीची जागा ठरवताना मी आधी हेच बघते. थ्रो शिकवता येतो, बॅटिंग शिकवता येते. खेळात डोकं असणं शिकवायला फार वेळ लागतो.

म्हणून तुम्ही सरांकडं जायच्या आधी एक करा. पुढच्या सरावाला अर्धा तास आधी घरातून निघा आणि कुंपणापाशी उभं राहून फक्त तिच्याकडं बघा, तेही चेंडू दुसरीकडं असताना. हात कमरेवर आहेत का? की प्रत्येक पिचला (पिचरनं टाकलेल्या चेंडूला) ती गुडघ्यात वाकून, पंजांवर तोल घेऊन तयार होते? काय दिसलं ते लक्षात ठेवा, शेवटी त्यावर येते.

आता घडवण्याचं. आपल्याकडं तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद पहिल्या दिवशी डाव दाखवत नाहीत. हौदा खणायला लावतात, जोर-बैठका काढून घेतात. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण तोच माणूस मुलीला सॉफ्टबॉलला घातल्यावर तिसऱ्या आठवड्यात विचारतो, 'मॅडम, ही पिचर कधी होणार?' सॉफ्टबॉलमधले जोर-बैठका म्हणजे थ्रो आणि कॅच. शाळांच्या सामन्यांत सर्वाधिक रन फटक्यांनी होत नाहीत, सुटलेल्या चेंडूंनी आणि भरकटलेल्या थ्रोंनी होतात. एक साधा ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू), घाईत फेकलेला थ्रो, चेंडू कुंपणापर्यंत, दोन रन. ज्या संघाच्या नऊ जणी सरळ फेकतात आणि नीट पकडतात, तो जिल्ह्यात वरच्या चारांत असतोच.

थ्रो बघा. सॉफ्टबॉलचा चेंडू १२ इंच घेराचा. १२ वर्षांच्या पोरीच्या हातात तो मावत नाही, मग ती तळव्यात दाबून धरते आणि थ्रो गोळाफेकीसारखा जातो. अशा वेळी दोन बोटांचा हट्ट धरू नये. तीन, अगदी चारही बोटं वर चालतील, पण ती शिलाईवर आडवी हवीत आणि चेंडू व तळवा यांच्यात जरा पोकळी हवी. हात मोठा झाला की बोटं आपोआप कमी होतात. दुसरं म्हणजे कोपर. फेकताना ते खांद्याच्या खाली आलं की चेंडू वर उडतो आणि कोपर दुखतं. मी नव्या पोरींना एका गुडघ्यावर बसवून, पाच-सहा मीटरवरून समोरासमोर फेकायला लावते. पाय वापरता येत नाहीत, त्यामुळं कोपर आणि मनगट काय करतंय ते तिचं तिलाच कळतं. मग उभं राहून, ग्लोव्हचा खांदा समोर, पाऊल सरळ ज्याला फेकायचं त्याच्याकडं. अंतर एकदम वाढवायचं नाही. लागोपाठ १० थ्रो छातीच्या उंचीवर गेले की दोन पावलं मागं.

घरी यासाठी काही लागत नाही. टेनिसचा चेंडू आणि एक भिंत. भिंतीपासून चार मीटरवर उभं राहून चेंडू मारायचा, परत येणारा दोन्ही हातांनी पकडायचा, पाय हलवत. रोज १०० वेळा, १५ मिनिटांचं काम. चेंडू कमरेच्या वर आला तर बोटं आकाशाकडं, खाली आला तर जमिनीकडं, एवढाच नियम. शेजारच्या काकू भिंतीच्या आवाजाला कंटाळतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

ग्राउंडरला वाकायचं असतं ते कंबरेतून नाही, नितंब खाली घेऊन. ग्लोव्ह जमिनीला टेकलेला आणि शरीराच्या पुढं, चेंडू आत जाताना डोळ्यांना दिसला पाहिजे. चेंडू वर उसळला तर ग्लोव्ह खालून वर नेणं सोपं असतं, वरून खाली नेईपर्यंत तो पायाखालून गेलेला असतो. आपल्या मुरमाड मैदानांवर चेंडू कसाही उसळतो, त्यामुळं पोरी मान फिरवतात. ही भीती ओरडून जात नाही. मी महिनाभर मऊ चेंडू किंवा टेनिसचे चेंडू वापरते, अंगावर दोन-चार बसले की भीती आपोआप कमी होते.

इथं ग्लोव्हची गोष्ट सांगायलाच हवी. शाळांच्या किटमध्ये बहुतेक ग्लोव्ह रेक्झिनचे, पुठ्ठ्यासारखे कडक. शक्य असेल तर इतर काही घेण्याआधी पोरीला चामड्याचा एक ग्लोव्ह घ्या, ११ ते ११.५ इंचाचा, मोठ्या माणसाचा नको. थोडं तेल चोळून, मध्ये चेंडू ठेवून, दोरीनं बांधून आठवडाभर रात्री ठेवला की तो तिच्या हाताचा होतो. आणि मुलगी डावखुरी असेल तर हे अजिबात पुढं ढकलू नका. किटमध्ये डावखुऱ्यांचा ग्लोव्ह सहसा नसतोच. डावखुरी पोरगी मग उजव्या हाताच्या मुलींचा ग्लोव्ह डाव्या हातात घालते, पकडते, ग्लोव्ह काढते आणि मग फेकते. तेवढ्यात बॅटर बेसवर. सगळे म्हणतात पोरगी मंद आहे. अशा दोघी मी स्वतः पाहिल्यात. उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह मिळाला आणि महिन्याभरात त्या संघात होत्या. डावखुरी मुलगी फर्स्ट बेसला सोन्यासारखी, आउटफिल्डला, म्हणजे मागच्या लांबच्या जागांवर, उत्तम, पिचर म्हणून तर बॅटरला अडचणीची. शॉर्टस्टॉप, थर्ड किंवा सेकंड बेसला मात्र तिला प्रत्येक वेळी सगळं अंग वळवून फर्स्टला फेकावं लागतं, म्हणून तिथं सहसा ठेवत नाहीत.

बॅटिंगबद्दल थोडक्यात. शाळेत ३४ इंचाची मोठ्यांची बॅट असते आणि तीच सगळ्यांना. तुमच्या मुलीला बॅट एका हातात धरून, हात सरळ बाजूला ताणून २० सेकंद उभी राहायला सांगा. टोक खाली झुकलं तर ती बॅट तिला जड आहे. दुसरी नसेल तर मूठ तीन बोटं वर धरायची, लाज वाटून घ्यायची नाही. क्रिकेट खेळून आलेल्या मुली बॅट उभी आणतात, चेंडूखाली घालतात. त्यांना खांद्यापासून चेंडूपर्यंत बॅट सरळ रेषेत आणायला वेळ लागतो. याला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जुनी शटलकॉक. बॅडमिंटन हॉलमध्ये फेकायला काढलेली पिशवीभर मिळतात. दोन-तीन मीटरवरून, जरा बाजूला बसून कुणीतरी एकेक शटल टाकायचं आणि तिनं ते हातभर लांबीच्या बारीक काठीनं मारायचं. शटल वळतं, अचानक मंदावतं, त्यामुळं डोळा शेवटपर्यंत चिकटून राहतो. मागं जाळी लागत नाही, काच फुटत नाही. पावसाळ्यात वर्गातली बाकं सरकवून मी हेच करते.

बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढ्यात टाकणं, मात्र सुरुवातीपासून शिकवा. ६० फुटांच्या बेसमुळं चांगला बंट म्हणजे अर्धी हिट. डावीकडून खेळू शकणारी चपळ मुलगी असेल तर तिला पळत पळत चेंडू शॉर्टस्टॉपकडं ढकलणारा स्लॅप शिकवावा. ती फर्स्ट बेसच्या दोन पावलं जवळ उभी असते आणि फटक्याआधीच पाय सुटलेले असतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जागा. आपल्या जिल्ह्याची एक जमेची बाजू अशी की मुली रिकाम्या हातानं येत नाहीत. कुणी प्राथमिक शाळेत खो-खो खेळलेली, कुणी कबड्डी, कुणाच्या घरात तालीम. मी स्वतः खो-खोतून आले. खो-खोची मुलगी पहिल्या तीन पावलांत वेग घेते, खांबापाशी वळल्यासारखी दिशा बदलते आणि जमिनीवर झेपावायला घाबरत नाही. ती सेंटर फिल्डला किंवा शॉर्टस्टॉपला शोभते, आणि बेसवर गेली की समोरच्या कॅचरची (बॅटरच्या मागं बसून चेंडू पकडणारीची) परीक्षाच. कबड्डीची मुलगी अंगावर येणाऱ्याला भीत नाही. थर्ड बेसला हेच लागतं. बंटच्या धाकानं थर्ड बेस पुढं सरकून उभी असते, बॅटपासून जेमतेम १२-१४ मीटरवर, आणि तिथं फटका आला तर विचार करायला वेळ नसतो. तिला फार लांब धावावं लागत नाही, पण छातीवर चेंडू थांबवायची तयारी हवी. सेकंड बेसला थ्रो लांब नाही, पण डोकं सतत चालू हवं. बंट आला की फर्स्ट बेस पुढं पळते आणि तिच्या जागी सेकंड बेसनं जायचं असतं. हे विसरलं की चेंडू फेकायला कुणीच नसतं. उंच, शांत आणि कसाही थ्रो आला तरी पाय बेसवर ठेवून अंग ताणून पकडणारी मुलगी फर्स्टला.

हे सगळं आजच्या देहावरून ठरतं, यातली मेख तीच आहे. १२ वर्षांची ठेंगणी पोर १५ व्या वर्षी वर्गात सगळ्यांत उंच असते. लवकर वाढलेली, सहावीत सगळ्यांना भारी पडणारी मुलगी नववीत बरोबरीची होते. सहावीत तिला फक्त पिचर म्हणून वापरलं, ग्राउंडर कधी घेऊच दिले नाहीत, तर नववीत तिच्यापाशी दुसरं काही उरत नाही. म्हणून १४ वर्षांखालच्या गटात मी प्रत्येक मुलीला इनफिल्डची, म्हणजे बेसजवळची, एक आणि आउटफिल्डची एक जागा देते आणि सरावात दर आठवड्याला अदलाबदल करते. सामन्यात जिंकण्यासाठी एक घडी ठरवावी लागते, ते मान्य. सरावात तिची गरज नाही. पुढं १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत निवड होते तेव्हा प्रवासाला मोजक्याच जणी जातात. दोन जागा खेळणारी मुलगी अशा वेळी हमखास गाडीत असते.

कॅचरबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण ही जागा कुणी मागत नाही. ऊन, अंगावर चिलखत, दोन तास उकिडवं बसणं, आणि टाळ्या पिचरला. पण सगळं मैदान समोरून दिसणारी ती एकटीच. रनरला चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. सुटला की ती दुसऱ्या बेसकडं धावते आणि कॅचरला उठून, पाय वळवून जवळपास २६ मीटर फेकायचं असतं, पिचरच्या डोक्यावरून. हे करणारी मुलगी ज्या संघात आहे त्याच्याविरुद्ध कुणी असा बेस चोरत (स्टील करत) नाही. ज्या घरात बैठका काढायची सवय आहे तिथल्या मुलीला इथं निम्मं काम आलेलंच असतं. मातीत पडणारा चेंडू ग्लोव्हनं उचलायचा नसतो. गुडघे टाकून, हनुवटी छातीला लावून अंगानं अडवायचा. तुमच्या मुलीला सर कधी कॅचिंगला बसवतील तर वाईट वाटून घेऊ नका. पिचर व्हायचं असेल तर एक मोसम कॅचर राहणं फार कामाला येतं. बॅटर कुठल्या चेंडूला फसते हे तिथूनच दिसतं.

आणि आता पिचिंग. इथं मी हळू बोलणार आहे, कारण माझ्या हातून एकदा नुकसान झालंय.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. संघात १३ वर्षांची एक पिचर होती, जिल्ह्यात तिच्यासारखी दुसरी नव्हती. तीन दिवसांत पाच सामने होते आणि पाचही मी तिच्याकडूनच टाकून घेतले. तेव्हा सगळे म्हणायचे की खालून हात फिरवायचा असतो, त्यानं खांदा दुखत नाही, कितीही टाका. मीही तेच धरून चालले. आम्ही जिंकलो, पोरींनी मिरवणूक काढली. चौथ्या दिवशी सकाळी तिची आई घरी आली आणि म्हणाली, 'मॅडम, वेणी घालायला हात वर जाईना.' खांद्याचा पुढचा भाग आणि दंड दोन्ही सुजलेले. चार महिने ती चेंडूला शिवली नाही. परत आली, आउटफिल्डला चांगली खेळली, पण पिचरच्या पट्टीवर पुन्हा उभी राहिली नाही. ती चूक माझी होती. आज ती भेटते, हसून बोलते, तरी मला ती वेणी आठवते.

खालून टाकण्यात दंडाच्या पुढच्या स्नायूवर आणि खांद्यावर मोठा ताण येतो. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनोनं दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्णपदक जिंकून दिलं. पालक मला ही गोष्ट कौतुकानं सांगतात. ती तेव्हा २६ वर्षांची, पूर्ण वाढलेली, वर्षानुवर्षं शरीर कमावलेली खेळाडू होती. तीच उएनो टोकियोत, २०२१ साली झालेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मध्येच बाहेर गेली, दुसरी पिचर आली आणि शेवटच्या इनिंगला ती परत आली. सुरुवातीच्या संघातल्या खेळाडूला एकदा परत येता येतं, या नियमाचा उपयोग त्यांनी ऑलिम्पिकच्या फायनलला केला. आपण शाळेच्या सामन्यात करत नाही. आता माझ्याकडं १४ वर्षांखालच्या संघात कमीत कमी तीन मुली पिचिंग करतात, एकीला एका सामन्यात ६५ च्या वर चेंडू नाहीत आणि लागोपाठ तिसऱ्या दिवशी सुट्टी. चेंडू मोजायचं काम बाकावरच्या मुलीकडं असतं. सामना हातचा जात असला तरी आकडा ओलांडत नाही.

तुमच्या मुलीनं शिकायचं कसं? मोबाइलवर बघून ती सगळा हात फिरवते, म्हणजे शेवटून सुरुवात करते. तिला भिंतीपासून तीन मीटरवर बाजूनं उभी करा. हात मांडीपाशी, फक्त मनगटाच्या झटक्यानं चेंडू भिंतीवर. चेंडू बोटांवरून सुटताना फिरला पाहिजे. त्यासाठी चेंडूवर रंगीत टेपची एक पट्टी लावा, म्हणजे फिरकी डोळ्यांना दिसते. दोन आठवडे एवढंच, रोज ४०. मग हात मागं खांद्याइतका वर नेऊन, तिथून खाली. मग पूर्ण फेरी. पूर्ण फेरी करताना तिचा उजवा खांदा कंपाउंडच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा. हात बाहेर भरकटला की भिंतीला घासतो, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. वेग शेवटी. बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं १० पैकी सात चेंडू स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या मारायच्या पट्ट्यात, टाकले तर ती शाळेच्या पातळीवर कुणालाही अडवते. दुसरा चेंडू शिकायचाच तर चेंजअप शिकावा, हात तोच आणि चेंडू हळू. वर चढणारा राइज बॉल या वयात नको. त्यासाठी लागणारी फिरकी येत नाही आणि पोरी कंबर वाकडी करून तो ओढून आणायला बघतात.

मोठ्या गटात मुलींची पिचिंग पट्टी प्लेटपासून (बॅटर उभी राहते तिथल्या पट्टीपासून) ४३ फुटांवर असते, १३.११ मीटर. पाऊल टाकून पिचर पुढं येते, म्हणजे चेंडू सुटतो तो साधारण ११ मीटरवरून. ताशी ९० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो. बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही, आणि त्यातला बराचसा वेळ बघण्यातच जातो. म्हणूनच हळू चेंडू नेमका टाकला तर बॅट आधीच फिरून गेलेली असते.

पावसाळ्याचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. जून ते सप्टेंबर आपली मैदानं म्हणजे तळी, आणि शाळेच्या स्पर्धा पाऊस सरता सरता दारात येतात. त्या चार महिन्यांत सराव बंद करणारे संघ पहिल्या फेरीत जातात. आम्ही हॉलमध्ये भिंतीचा सराव, शटल, दोरीउड्या करतो आणि पाऊस उघडला की स्लाइड, म्हणजे घसरत बेस गाठणं. शाळेच्या कार्यक्रमाचा जुना फ्लेक्स उलटा पसरायचा, बादलीभर पाणी ओतायचं, पायात फक्त मोजे. एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात दुमडून खाली, पाठ मागं. दोन्ही मुठींत थोडं गवत धरायला लावते, म्हणजे हात टेकून मनगट दुखावण्याचा धोका राहत नाही. घाबरणारी पोर तिसऱ्या घसरणीला 'अजून एकदा' म्हणते. हेच पहिल्यांदा मुरमाच्या मैदानावर करायला लावलं तर मांडी सोलते आणि ती आयुष्यभर स्लाइड टाळते.

वेगळं कोचिंग? पिचिंगसाठी आठवड्यातून एक दिवस जाणकार माणसानं हाताची फेरी बघणं चांगलं. त्याहून जास्त आत्ता नको. १२ व्या वर्षी आठवड्याला तीन दिवस सराव, एक दिवस मोकळं खेळणं आणि निदान एक पूर्ण सुट्टी. पोटात केळं, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं असं काहीतरी हवं. रिकाम्या पोटी शाळेतून थेट मैदानावर येणाऱ्या मुलीच सहा वाजता चेंडू सोडतात. दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेब आत्ताच तिच्यासमोर मांडू नका. तो तीन वर्षांनी येईल. आणि सामन्यात कुंपणाबाहेरून सूचना नकोत. मैदानावर तिला एकच आवाज ऐकू यावा, सरांचा. थ्रो चुकल्यावर वडिलांच्या तोंडाकडं बघणाऱ्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये पुढचा चेंडू बसत नाही, हे मी कितीदा पाहिलंय.

तर सरांकडं जा, पण दुसऱ्या कामासाठी. त्यांना म्हणा, 'सर, हिला पिचिंग शिकायचंय, सराव सुटल्यावर १५ मिनिटं कॅचरसोबत टाकू दिलंत तर बरं होईल, घरचा सराव आम्ही बघतो.' जागा मागितली तर कुठलाही शिक्षक अडून बसतो. काम मागितलं की बहुतेक जण हो म्हणतात. दिवाळीपर्यंत मनगट, अर्धी फेरी आणि पूर्ण फेरी एवढंच. राइट फिल्ड मनापासून खेळायचं, प्रत्येक ग्राउंडरला फर्स्टच्या मागं पळायचं.

आणि सुरुवातीला सांगितलं तसं कुंपणापाशी उभं राहून बघितलंत की मला कळवा. ती किती वेळा पळाली ते बोटांवर मोजा. सहापेक्षा जास्त वेळा पळाली असेल तर एखाद्या रविवारी सकाळी सात वाजता तिला घेऊन मैदानावर या, सोबत तिचाच ग्लोव्ह असू दे. कॅचरला मी स्वतः बसते, तिचे ४० चेंडू बघते. एकदाही पळाली नसेल तरी या. आधी तिला पळायचं कशासाठी ते सांगू, मग चेंडू हातात देऊ.